लोकर पर्यावरणाला बरी, पण कोणती आणि कितपत?

दिवाळी सरली की आमच्याकडे विदर्भात दोन गोष्टी एकदमच दिसू लागतात. तालुक्याच्या बाजारात रंगीत धाग्याच्या लडी टांगल्या जातात, आणि सोयाबीन निघालेल्या वावरांकडे मेंढ्यांचे कळप वळतात. एकीकडे लोकर म्हणून विकला जाणारा धागा, दुसरीकडे खरी लोकर अंगावर वागवणारं जनावर. या दोघांचा एकमेकांशी आता जवळपास काही संबंध उरलेला नाही.

विणकाम करणाऱ्या बाया विचारतात, ‘ताई, बाजारातला धागा प्लास्टिकचा असते म्हणतात. मंग खरी लोकर वापरली तं पर्यावरणाले बरं हाये का?’ छोटं उत्तर ‘हो’ असं आहे. पण त्या ‘हो’ला अटी आहेत, आणि त्या नीट कळल्याशिवाय महागाची लडी घेण्यात अर्थ नाही.

आधी हातात काय आहे ते ओळखू. हातविणकामासाठी गावाकडे जो धागा मिळतो तो बहुतेक वेळा पूर्ण ॲक्रेलिक असतो, त्यात मेंढीचा एक केसही नसतो. दुकानदार लबाडी करतो असं नाही. सगळेच त्याला लोकर म्हणतात, गिऱ्हाईकसुद्धा. लडीभोवतीच्या कागदी पट्टीवर बारीक अक्षरांत टक्केवारी छापलेली असते, ती वाचायची. पट्टी हरवली असेल तर जाळून पाहायचं: बोटभर तुकडा चिमट्यात धरायचा, खाली पाण्याची वाटी ठेवायची आणि हे काम घराबाहेर करायचं. खरी लोकर नाखुशीने पेटते, काडी दूर केली की बहुधा विझते, केस जळल्याचा वास येतो आणि उरलेली काळी राख बोटांत चुरडली जाते. ॲक्रेलिक भसकन पेटतं, वितळत जळतं आणि थंड झाल्यावर त्याचा कडक काळा मणी होतो. तो चुरडत नाही. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा थोड्याथोड्या दिसतात.

हा फरक आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. लोकर जळत राहायला साधारण २५ टक्के लागतो, म्हणून साध्या हवेत ती स्वतःहून पेटती राहत नाही. ॲक्रेलिकला १८-१९ टक्के पुरतो. आपला हिवाळा थोड्या दिवसांचा असला तरी बोचरा असतो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा दिवसांत घरोघरी शेकोटी पेटते आणि लेकरांना चुलीपुढे घेऊन बसतात. अंगावर ॲक्रेलिकचं झबलं-टोपरं असलेल्या लेकराला विस्तवाजवळ नेणं धोक्याचं आहे, हे मी प्रत्येक बाईला आधी सांगते. पर्यावरणाची गोष्ट त्यानंतर.

ॲक्रेलिक बनतं खनिज तेलापासून. तेलातून निघणारा प्रॉपिलीन वायू आणि अमोनिया यांच्यापासून ॲक्रिलोनायट्राइल नावाचं विषारी रसायन तयार करतात, त्याच्या लांब साखळ्या जोडतात, त्या द्रावकात विरघळवून बारीक छिद्रांतून ओढतात आणि मग धागा मिळतो. अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीने १९५० साली असा धागा ‘ऑरलॉन’ नावाने बाजारात आणला. त्याला कसर लागत नाही, तो हलका असतो, धुवायला सोपा असतो आणि स्वस्त तर असतोच. गरिबाच्या घरी उबदार कपडा पोचवण्याचं काम त्याने केलं आहे, हे मान्य करायला हवं. पण शेवटी ते प्लास्टिक आहे. माणसाच्या हयातीत ते मातीत मुरत नाही.

प्लास्टिकचा कपडा धुताना झडतो. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली मांडलेल्या अंदाजानुसार, सहा किलो ॲक्रेलिक कपडे मशीनमध्ये एकदा धुतले तर सात लाखांहून जास्त तंतू पाण्यात जाऊ शकतात. २०१७ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने दिलेल्या अहवालात म्हटलं होतं की जे प्लास्टिक बारीक कणांच्या रूपातच समुद्रात पोचतं, त्याचा सुमारे ३५ टक्के वाटा कृत्रिम कपड्यांच्या धुण्यातून येतो. समुद्र आपल्यापासून लांब आहे म्हणून हे परक्याचं दुखणं ठरत नाही. खेड्यात सांडपाणी गाळायची सोय नसते. नालीतलं पाणी नाल्यात जातं, नाल्यातलं वर्धेत नाहीतर वैनगंगेत, आणि त्या दोघी प्राणहिता होऊन गोदावरीला मिळतात. वरचा प्रयोग मशीनचा होता, हाताने हलकं धुतलं तर झड कमी होते. मात्र मोगरीने बडवलं की ती पुन्हा वाढते.

आता लोकर. लोकर म्हणजे केराटिन, म्हणजे आपले केस आणि नखं ज्या प्रथिनाची बनतात तेच. प्रत्येक तंतूवर घरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले खवले असतात आणि तंतू मुळातच कुरळा असतो. त्या कुरळेपणामुळे विणीत हवा अडकून राहते, आणि थंडी अडवते ती ही अडकलेली हवाच. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओल पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते. ॲक्रेलिक एक-दोन टक्क्यांपलीकडे घेत नाही. गंमत अशी की ओल शोषताना लोकर थोडी उष्णता बाहेर सोडते. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) हाकलायला रात्री वावरात जागलीला जाणारा माणूस दव पडू लागलं तरी घोंगडीत का तग धरतो, त्याचं एक कारण हे आहे.

धुताना लोकरही झडते. पण तिचे तंतू कुजतात. ओलसर मातीत जिवाणू आणि बुरशी केराटिन हळूहळू तोडतात आणि त्यातून नत्र व गंधक सुटं होतं. शुद्ध लोकरीत वजनाने सुमारे १६ टक्के नत्र असतं. युरोप-अमेरिकेत निकृष्ट लोकरीच्या गोळ्या करून त्या खत म्हणून विकतात, त्या यामुळेच. कोरड्या पेटीत ठेवलेली लोकर मात्र वर्षानुवर्षं टिकते. वापरात टिकाऊ आणि मातीत नाशवंत असे दोन्ही गुण फार थोड्या वस्तूंत एकत्र सापडतात.

इथवर वाचून लोकर म्हणजे निव्वळ पुण्य असं वाटेल. तसं नाही.

मेंढी रवंथ करणारं जनावर आहे. तिच्या पोटात चारा कुजताना मिथेन वायू तयार होतो आणि ढेकरांवाटे बाहेर पडतो. हवामानबदलाचा हिशेब ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने विकसनशील देशांतल्या एका मेंढीसाठी वर्षाला ५ किलो मिथेन असा ढोबळ आकडा धरला आहे. शंभर वर्षांच्या मापाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट तापवतो. म्हणजे एक मेंढी वर्षाला साधारण १३५ ते १४० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा भार टाकते. सुमारे ६० लिटर पेट्रोल जाळलं तर तेवढाच होतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर मात्र वर्षाला किलोभरही भरत नाही. सगळा भार त्या लोकरीच्या माथी मारला तर लोकरीसारखी प्रदूषक वस्तू नाही असं म्हणावं लागेल! कागदावर नुसता किलोमागे कार्बन मांडला की कित्येकदा ॲक्रेलिक लोकरीपेक्षा हलकं दिसतं, ते असं.

गाठ इथे आहे. एखाद्या वस्तूचा पर्यावरणावरचा भार मोजताना ती जन्मल्यापासून मातीत जाईपर्यंतचा हिशेब धरतात. पण एकाच जनावरापासून चार गोष्टी मिळत असतील तर भार वाटायचा कसा? मटणाला किती, खताला किती, लोकरीला किती? एक रीत अशी की ज्यातून मालकाला जेवढी मिळकत, त्या वस्तूवर तेवढा भार. ऑस्ट्रेलियातली मेरिनो मेंढी मुख्यतः लोकरीसाठी पाळली जाते आणि वर्षाला चार-पाच किलो लोकर देते, तेव्हा तिच्या भाराचा मोठा वाटा लोकरीवर पडतो. विदर्भातला मेंढपाळ मेंढी पाळतो मटणासाठी आणि खतासाठी. लोकरीतून त्याला जवळपास काहीच मिळत नाही. कित्येकदा कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीतून सुटत नाही आणि कातरलेली लोकर तिथेच फेकून दिली जाते.

म्हणून मेरिनोची मागणी वाढली तर कुठेतरी मेरिनोचे कळप वाढू शकतात. आपल्या वावरात बसलेल्या कळपाची लोकर आपण उचलली तर एकही मेंढी वाढत नाही, वाया जाणारी वस्तू फक्त कामी येते. या लेखातून एवढी एकच गोष्ट कोणी घेतली तरी माझं समाधान आहे. अंतराचा मुद्दा त्यामानाने लहान आहे. जहाजाने येणाऱ्या मालाचा वाहतुकीतला भार लोकांना वाटतो त्याहून कमी असतो, खरा फरक मेंढी कशासाठी पाळली यात आहे.

ही मेंढी कुठे दिसते? विदर्भात धनगरांचे कळप आहेत, चंद्रपूर-गडचिरोलीकडे कुरमार समाज मेंढ्या पाळतो, आणि कच्छ-सौराष्ट्राकडून आलेले रबारी-भरवाड, ज्यांना आपण सरसकट काठेवाडी म्हणतो, तेही पिढ्यानपिढ्या इथे उंट-मेंढ्या घेऊन फिरतात. पीक निघालं की कास्तकार त्यांना बोलावून रात्री वावरात मेंढ्या बसवतो आणि त्याबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. मेंढ्या धुऱ्यावरचं गवत, सोयाबीनचा पाला आणि कापसाचा वेचा संपला की पऱ्हाटीची पानं-बोंडं खातात, आणि लेंडी व मूत थेट जमिनीत जातं. इथे मेंढीसाठी वेगळा चारा पिकवावा लागत नाही. रासायनिक खताची एखादी गोणी वाचते, तीही हिशेबात धरायला हवी. जंगलातल्या चराईवरून वनखात्याशी या लोकांचे खटके उडतात हे खरं, आणि रोपवनात कळप घुसला तर नुकसानही होतं. पण पीक निघालेल्या वावरातली मेंढी जमिनीला देऊनच जाते.

देशाच्या पातळीवर पाहिलं तर २०१९ च्या पशुगणनेत भारतात ७ कोटी ४० लाखांहून अधिक मेंढ्या होत्या. तरीही मऊ कपड्यांची लोकर आपण बाहेरून आणतो, मुख्यतः ऑस्ट्रेलियातून. आपली बहुतेक लोकर जाड पडते. मेरिनोचा तंतू २४ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतो. तंतू साधारण ३० मायक्रॉनच्या पुढे गेला की तो त्वचेवर दबल्यावर वाकत नाही, त्याचं टोक टोचतं. दख्खनी लोकर याच गटातली, जाड आणि भरड. तिचा स्वेटर उघड्या अंगावर कोणी घालणार नाही, लेकरासाठी तर नावच काढू नये. पण टोचणं हा प्रत्येक कामातला दोष नसतो. घोंगडी पिढ्यानपिढ्या याच लोकरीची होत आली, चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली, पाऊस-वारा झेलणारी. विणकामात ती बसायच्या आसनाला, पायपुसण्याला, पिशवीला, पाण्याच्या बाटलीच्या खोळीला, जाड सुयांवरच्या गोधडीवजा चौकोनांना उत्तम. आत सुती सदरा असेल तर बिनबाह्यांचं जाकीटही चालतं.

रंगाचाही भार वाचतो. दख्खनी लोकर मुळातच काळी, तपकिरी, करडी. तिला रंगवायची गरजच नाही. काठेवाड्यांच्या कळपात पांढरी लोकर मिळते आणि तिच्यावर रंग सुरेख चढतो, कारण प्रथिनाचा तंतू रंग धरून ठेवतो. फाल्गुनात पळस फुलला की फुलं सुकवून ठेवावीत. लोकर आधी तुरटीच्या कोमट पाण्यात भिजवायची, मग फुलांच्या काढ्यात मंद आचेवर तापवायची. पिवळा-केशरी रंग येतो. खळखळ उकळू द्यायचं नाही, ढवळत राहायचं नाही, आणि काढल्यावर एकदम गार पाण्यात टाकायचं नाही. गरम पाणी, साबण आणि घासणं एकत्र आलं की लोकरीचे खवले एकमेकांत अडकतात आणि धाग्याचा नमदा, म्हणजे घट्ट चिकटलेला गठ्ठा, होतो. तो पुन्हा सुटत नाही.

याच कारणाने बाजारातल्या महाग लोकरीपैकी काही लडींवर ‘मशीनमध्ये धुता येईल’ असं लिहिलेलं असतं. ती लोकर आधी क्लोरिनमधून काढून तिचे खवले बोथट करतात आणि वर प्लास्टिकच्या जातीचा पातळ थर चढवतात. धुणं सोपं होतं, पण क्लोरिनयुक्त सांडपाणी तयार होतं आणि लोकर घेण्याचा निम्मा हेतू तिथेच संपतो. आपल्याकडे स्वेटर हातानेच धुतात. मग त्या सोयीसाठी जास्तीचे पैसे का मोजायचे? साधी, प्रक्रिया न केलेली लोकर घ्यावी. ऑस्ट्रेलियन मेरिनो घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. तिथे माश्यांच्या अळ्या पडू नयेत म्हणून कोकरांच्या पार्श्वभागाची कातडी कापतात, ती प्रथा न वापरणाऱ्यांची लोकर वेगळी विकली जाते. न्यूझीलंडने २०१८ पासून ही प्रथा बंद केली आहे.

आणि कापूस? आपण कापसाच्या मुलखातले, तेव्हा हा प्रश्न येणारच. उन्हाळी टोपी, टेबलावरचं क्रोशाकाम, बाळाचं अंगाला लागून असलेलं झबलं यांना सूतच योग्य. सूतही मातीत कुजतं. पण ‘नैसर्गिक’ म्हणून ते आपोआप निर्दोष ठरत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, तो कापसाच्याच वावरांत. सेंद्रिय सूत मिळालं तर चांगलंच. थंडीत मात्र सूत ओल धरून गार पडतं, लोकरीची जागा ते घेत नाही.

मग करायचं काय? सगळ्यात कमी भाराचा धागा हा घरात आधीच असलेला धागा. जुना स्वेटर उसवून, लड करून, कोमट पाण्यात भिजवून वाळवला की धागा पुन्हा सरळ होतो; लोकरीचा असेल तर विशेष चांगला. आपल्या आया-आज्या हेच करत आल्या. घरात ॲक्रेलिकचे स्वेटर असतील तर ते फेकून लोकर घेणं हा उलटा व्यवहार होईल. ते फाटेपर्यंत वापरावेत, कमी वेळा धुवावेत, गार पाण्यात, बडवल्याशिवाय.

नवीन घ्यायचंच असेल तर वापराची वर्षं मोजावीत. वाढत्या लेकराच्या स्वेटरला महाग मेरिनो घालून तो एका हिवाळ्यात आखूड होत असेल तर उपयोग नाही. मोठ्या माणसाची बंडी, मफलर, कानटोपी, मोजे यांत लोकर घालावी, ती दहा हिवाळे सहज निभते. लेकरासाठी विणायचंच असेल तर खालची आणि बाह्यांची कड पुढे उसवून वाढवता येईल असं वरून खाली विणावं. आणि पुढच्या वेळी गावाजवळ कळप बसला की मेंढपाळाला कातरणी केव्हा आहे ते विचारावं. बहुतेक ठिकाणी वर्षातून दोनदा होते. पाठीची आणि कुशीची लोकर वेगळी मागावी, पोटाखालची आणि शेपटीकडची घाणीने माखलेली असते. फुकट देतो म्हणाला तरी कातरणीची मजुरी सुटेल एवढे पैसे द्यावेत. त्याला लोकरीतून काही मिळू लागलं तरच तो ती स्वच्छ आणि निवडून ठेवेल. धुवायला रिठ्याचं कोमट पाणी. सोड्याचा साबण लोकरीला मानवत नाही, तो प्रथिन खातो. पिंजून तकलीवर कातायला बचतगटातल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला बसवावं, तिचा हात लवकर बसतो.

लोकरीचं कापड दर वेळी धुवायची गरज नसते. उन्हात झटकून टांगलं तरी वास जातो. हिवाळा संपला की स्वच्छ करून, कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं. कसरीची अळी घामट, मळकट लोकरीवर आधी पडते. धुतल्यावर टांगून वाळवू नये, पाण्याच्या वजनाने वीण लांबते. सुती लुगड्यात गुंडाळून पाणी टिपायचं आणि बाजेवर पसरून सावलीत वाळवायचं.

आणि पार विरलेली वस्तू संत्र्याच्या किंवा लिंबाच्या आळ्यात, मातीच्या बोटभर थराखाली घालता येते. ओल धरून ठेवते, मग सावकाश कुजत नत्र देते. घालण्याआधी बटणं, चेन आणि शिवणीचा नायलॉन दोरा काढून घ्यायचा. धागा मिश्र असल्याची शंका असेल तर एक तुकडा जाळून पाहायचा, आणि काळा मणी उरला तर तो कपडा आळ्यात घालायचा नाही.